ओलाएताच्या वळणापर्यंत

सायकल शर्यतीचं घड्याळ उलटं चालतं. किती अंतर झालं हे कुणी विचारत नाही. किती किलोमीटर शिल्लक आहेत, एवढंच विचारतात. शर्यतपटू, संघाच्या गाडीतला मार्गदर्शक, टीव्हीवरचा समालोचक आणि फोनवर भाव बघत बसलेला सट्टेबाज, सगळे याच आकड्यावर नजर ठेवून असतात. म्हणून ४ एप्रिल २०२४ च्या दुपारचा घटनाक्रमही मी किलोमीटरमध्येच मांडतो आहे.

१५७ किलोमीटर शिल्लक. अपघाताला सुमारे तीन तास.

स्पेनच्या उत्तरेला नवारा प्रांतात एचार्री-आरानात्स नावाचं छोटं गाव आहे. ‘इतसुलिया’ या बास्क प्रदेशाच्या शर्यतीचा चौथा टप्पा तिथून सुटला. तो आलावा प्रांतातल्या लेगुतियोला संपणार होता. ही शर्यत पहिल्यांदा झाली १९२४ साली, म्हणजे त्या वर्षी तिला शंभर वर्षं होत होती. एकूण टप्पे सहा. आल्प्ससारखे तास-तास चालणारे चढ इथे नाहीत. पण पाच-सात किलोमीटरचा तीव्र चढ, लगेच अरुंद उतार, दरीतलं एखादं गाव आणि पुन्हा चढ, असा रस्ता दिवसभर सुरूच राहतो. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला आपल्याकडे ‘घाटाचा राजा’ म्हणतात. इतसुलियात दिवसाला असे चार-पाच घाट असतात.

एकूण क्रमवारीत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी होती स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचकडे. पहिल्या दिवशी इरूनमध्ये दहा किलोमीटरची वैयक्तिक घड्याळी शर्यत झाली होती, ती त्यानेच जिंकली होती. आदल्या दोन वर्षांचा टूर द फ्रान्स विजेता, डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड, आणि बेल्जियमचा रेम्को एव्हेनपूल हेही याच जथ्थ्यात होते. जूनअखेर सुरू होणाऱ्या टूरच्या चार मोठ्या दावेदारांपैकी तिघे या एका रस्त्यावर होते. चौथा, पोगाचार, इथे आलाच नव्हता.

असा डोंगराळ पण फार उंच न जाणारा टप्पा सट्टेबाजाला सगळ्यात जास्त भुरळ घालतो. सपाट टप्प्याचा शेवट धावपळीच्या स्प्रिंटमध्ये होणार, हे ठरलेलं असतं. उंच पर्वतात जिंकतो तो बलवान. मधल्या टप्प्यात मात्र सकाळी फुटून निघालेले कुणी पाच-सहा जण शेवटपर्यंत टिकतीलही, किंवा वीस किलोमीटर आधी गिळले जातील. कुणालाच खात्री नसते, म्हणून भाव मोठे असतात. समजा एखाद्याचा भाव १०० आहे. याचा अर्थ, तो जिंकण्याची शक्यता शंभरात एक आहे असं बुकी म्हणतोय. प्रत्यक्षात तो त्याहूनही कमी मानतो, कारण सगळ्या शर्यतपटूंच्या शक्यता बेरजेला घेतल्या तर त्या शंभर टक्क्यांच्या वर जातात. वरचा तेवढा भाग बुकीची कमाई. या शर्यतीत दीडशेच्या आसपास माणसं उतरतात. त्यातली शंभरएक माणसं अशी असतात की ती जिंकतील असं कुणालाच वाटत नाही, आणि त्यांच्यातलाच एखादा जिंकून जातो. सट्टेबाज त्या एखाद्याच्या शोधात असतो.

मधले शंभर किलोमीटर. दोन तास, मग एक तास.

सहा जण पुढे निघाले. त्यांच्यात दक्षिण आफ्रिकेचा लुई मेंटजेस होता. चांगला चढणारा, गाजावाजा न करणारा गडी. २०२२ च्या ‘वुएल्ता’ या स्पेनच्या शर्यतीत लेस प्रायरेसच्या भिंतीसारख्या चढावर त्याने अशाच पळालेल्या तुकडीतून टप्पा जिंकला होता. त्याच वर्षी टूरमध्ये आल्प द्युएझच्या टप्प्यावरही तो आघाडीच्या तुकडीत राहिला आणि दुसरा आला.

तुकडी सुटते कशी, हे नीट समजलं तरच पुढचं कळेल. ती स्वतःच्या बळावर सुटत नाही, तिला सोडलं जातं. एकूण क्रमवारीत मागे असलेले, पिवळ्या जर्सीला धोका नसलेले लोक निघाले की मोठे संघ पाय आखडतात आणि दोन-तीन-चार मिनिटांची सूट देतात. मग शेवटच्या तासात ती सूट परत वसूल करायची की नाही, याचा विचार सुरू होतो. वसुली जथ्थ्याला स्वस्त पडते. आइंटहोव्हनमधल्या बर्ट ब्लॉकेन यांच्या पथकाने २०१८ मध्ये मोजून दाखवलं की मोठ्या जथ्थ्याच्या पोटात बसलेल्या शर्यतपटूला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने जाणाऱ्याच्या विरोधाच्या पाच ते दहा टक्के इतका कमी असू शकतो. पुढच्या सहा जणांना मात्र आळीपाळीने वारा खावा लागतो.

याचं एक जुनं गणित आहे. रोबेर शापात हा फ्रेंच शर्यतपटू पुढे समालोचक झाला. त्याने सांगून ठेवलं की पाठलाग करणारा जथ्था दहा किलोमीटरमागे एक मिनिट कमी करतो. वीस किलोमीटर उरले आणि हातात दोन मिनिटांहून कमी असतील, तर आशा सोडा. आज प्रत्येकाच्या कानात रेडिओ आहे, हँडलवर वॅट दाखवणारं यंत्र आहे, तरी पळालेल्यांवर पैसे लावणारा माणूस मनात शापातचंच कोष्टक धरून असतो. कोष्टक सोपं आहे, बहुतेक वेळा खरंही ठरतं. त्यात चढाची जागा आहे, वाऱ्याची आहे, संघांच्या इच्छेचीही आहे. वळणाची नाही.

६० किलोमीटर शिल्लक. अर्ध्या-पाऊण तासावर.

चालू शर्यतीवर पैसे लावण्याची खरी वेळ ही. अंतर वाढलं की पळालेल्यांचे भाव उतरतात, कमी झालं की चढतात. पडद्यावर दर काही सेकंदांनी आकडे हलत असतात. युरोपातल्या बहुतेक देशांत हा परवान्याने चालणारा उघड धंदा आहे. सायकलिंगमध्ये तर त्याचं नाव थेट छातीवर असतं. फ्रान्सच्या लॉटरी आणि सट्ट्याची कंपनी एफडीजे हिच्या नावाचा संघ कित्येक वर्षं या जथ्थ्यात आहे, त्या दिवशीही होता. जपानमध्ये तर १९४८ साली कोकुरा शहरात केइरिन हा शर्यतीचा प्रकारच सट्ट्यासाठी जन्माला आला, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावाला पैसा उभा करता यावा म्हणून. सायकल आणि पैसे लावणं यांचं नातं जुनं आहे, हे मला मान्य आहे.

मला खटकतं ते पुढचं. अंतर कमी होणं म्हणजे फक्त आकडा बदलणं नव्हे. अंतर कमी होतं कारण मागचा जथ्था जोर लावतो. जोर लावला की तो लांबट होतो. लांबट झाला की प्रत्येक दावेदाराला पुढच्या वीस जणांत जागा हवी असते, कारण मागे राहिलेल्याला फट भरून काढता काढता नाकी नऊ येतात. मग प्रत्येक संघाचा मार्गदर्शक रेडिओवर तेच सांगतो: उतार सुरू होण्याआधी पुढे या. आठ-दहा संघांना एकाच वेळी पुढे यायचं असतं आणि रस्ता दोन गाड्यांपुरता रुंद असतो. पडद्यावर पळालेल्यांचा भाव चढताना दिसतो, तेव्हा डांबरावर कुणीतरी कुणाच्या कोपराला कोपर लावून वळणात शिरत असतं.

४० किलोमीटर शिल्लक. दहा मिनिटांहून कमी.

ओलाएता. चढ फार मोठा नाही. अंगाला भिडतो तो त्याचा उतार. झाडीतून जाणारा वेगवान रस्ता आणि पुढे उजवीकडे वळण. वळण दिसायला सोपं. हा रस्ता ओळखणाऱ्या बास्क शर्यतपटूंनी नंतर सांगितलं की फसवणूक तिथेच होती: पूर्ण वेगाने जाता येईल असं वाटतं, पण झाडांच्या मुळांनी डांबर खालून उचललेलं आहे आणि चाक उडतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी वाहून नेणारा काँक्रीटचा नाला होता, त्यापलीकडे मोठे दगड आणि झाडं.

पुढचे सहा जण याच वळणावरून आधी निघून गेले होते. सहाच माणसं असतील तर समोर रस्ता दिसतो. खड्डा दिसतो, ब्रेक लावायला जागा असते, शेजाऱ्याशी भांडायची गरज नसते. पळालेल्यांवर सट्टा लावणारा त्यांच्या थकव्याचा हिशेब करतो. पण त्या दुपारी सगळ्यात सुरक्षित माणसं तीच होती.

अशा उतारावर ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वेग सहज येतो. अंगावर असतं पातळ लायक्रा आणि डोक्यावर पाव किलोचं हेल्मेट.

सुमारे ३५ किलोमीटर शिल्लक.

जथ्थ्याच्या पुढच्या भागातले काही जण वळणावर रस्ता सोडून सरळ बाहेर गेले. मागचे त्यांच्यावर. बाराएक माणसं पडली. एव्हेनपूल नाल्यापलीकडे फेकला गेला. रोग्लिच पडला. विंगेगार्ड नाल्याजवळ अंग दुमडून पडून राहिला, हालचाल नाही. त्याने पुढे सांगितलं की तिथे पडलेला असताना आपण आता मरणार असं त्याला वाटलं होतं.

कॅमेरा काही वेळ त्या जागेवर होता, मग दूर गेला. ज्यांनी आधीचं वर्ष पाहिलं होतं त्यांना पुढे बघवेना. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला घाटाच्या उतारावर जिनो मेडर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आठच दिवसांपूर्वी, २७ मार्चला, बेल्जियममध्ये वाउट व्हान आर्टच्या गळ्याजवळचं हाड, छातीचं हाड आणि फासळ्या मोडल्या होत्या. सायकलिंगचे चाहते पडलेल्या माणसाच्या हातापायांकडे आधी बघतात. हात हलला की श्वास सोडतात. एव्हेनपूल एका हाताने दुसरा हात धरून उभा राहिला. रोग्लिच गवतावर बसला, मग संघाच्या गाडीत गेला. विंगेगार्डला मानेचा पट्टा आणि तोंडावर प्राणवायूचा मास्क लावून स्ट्रेचरवरून नेलं.

त्यानंतर.

रुग्णवाहिका जखमींसाठी गुंतल्या. वैद्यकीय मदतीशिवाय शर्यत पुढे नेता येत नाही, म्हणून मुख्य जथ्था थांबवला. आयोजकांनी निर्णय दिला: टप्पा फक्त पुढचे सहा जण लढतील, एकूण क्रमवारीसाठी आजचा वेळ धरला जाणार नाही, उरलेले सगळे शेवटच्या रेषेपर्यंत नुसते सायकल चालवत येतील.

एका क्षणात दीडशे माणसांची शर्यत सहा जणांची झाली. हा निर्णय आला तेव्हा मेंटजेसवर ज्यांनी पैसे लावले होते त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. शापातचं कोष्टक रद्द झालं. पाठलागच उरला नाही. शंभरात एक असलेली शक्यता बसल्या जागी सहात एक झाली, आणि तो फरक नाल्यात पडलेल्या माणसांच्या जागेवरून आला होता. पैसे लावणाऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण पडद्यावर त्याचा आकडा सुधारला, आणि त्याच मिनिटाला विंगेगार्डच्या छातीत हवा जमा होत होती.

मेंटजेसला मी यात कमी लेखत नाही. तो दिवसभर वाऱ्यात होता, ओलाएता तोही चढला होता, ते वळण त्यानेही पार केलं होतं. लेगुतियोमध्ये त्याने आपल्या सोबतच्यांना मागे टाकून टप्पा जिंकला. अधिकृत निकालात त्याचं नाव पहिलं आहे, आणि निकाल अधिकृत असला की बुकी पैसे देतात.

संध्याकाळी रुग्णालयांतून बातम्या येऊ लागल्या. विंगेगार्ड: गळ्याजवळचं हाड, अनेक फासळ्या, फुप्फुसाला मार आणि छातीत साचलेली हवा. एव्हेनपूल: गळ्याजवळचं हाड आणि खांद्याचं पातं. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाईन: मानेचा एक मणका आणि पाठीचे दोन. बेल्जियमचा स्टेफ क्रास: फुप्फुस, फासळ्या, मणके. रोग्लिचचं हाड मोडलं नव्हतं, पण पिवळी जर्सी सोडून तोही घरी गेला. दुसऱ्या दिवशी शर्यत सुरू झाली, आणि एफडीजेचं नाव छातीवर असलेला रोमाँ ग्रेग्वार टप्पा जिंकला. शनिवारी एकूण विजेता ठरला हुआन अयुसो.

विंगेगार्ड बारा दिवस व्हितोरिया-गास्तेइसच्या रुग्णालयात होता. एव्हेनपूलने चार महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. रोग्लिचने सप्टेंबरमध्ये वुएल्ता जिंकली, आणि त्याच वुएल्तात डोंगरांच्या राजाची जर्सी घेतली व्हाईनने, मान मोडलेल्या व्हाईनने. १० जुलैला टूरच्या अकराव्या टप्प्यावर ल लिओराँला विंगेगार्डने पोगाचारला शेवटच्या स्प्रिंटमध्ये हरवलं. रेषेनंतर मुलाखत देताना त्याला बोलता येईना, तो रडत होता. ओलाएताच्या उतारानंतरचा तो सत्त्याण्णवावा दिवस होता.