बोंब आणि अनियतकालिक

पंक म्हटले की लंडन, १९७६ आणि सेक्स पिस्टल्स, हे समीकरण आता विद्यार्थ्यांनाही पाठ असते. वाजवता येत नसले तरी वाजवा, छापखाना नसेल तर झेरॉक्सवर पत्रिका काढा, असा तो खाक्या. ‘स्निफिंग ग्लू’ ही तसली पत्रिका त्याच साली निघाली. आम्हांला यात फारसे नवल वाटत नाही. मराठीत हा उद्योग त्याच्या वीस वर्षे आधी सुरू झाला होता. त्याच्या हाती गिटार नव्हती, सायक्लोस्टाइल यंत्र होते.

पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचे ‘अबकडई’. ही नावेच पाहावीत. ‘असो’ म्हणून आपण विषय संपवतो. इथे त्याच शब्दाने नियतकालिकाचा प्रारंभ होतो! ‘नवे युग’, ‘ज्योती’ असल्या भारदस्त नावांची ही थट्टा, आणि ती संपादकीय न लिहिता केलेली. (कोलटकरांनी पुढे खरोखरच गाणी रचून ध्वनिमुद्रित केली, पखवाजही शिकले, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

यावर एक आक्षेप संभवतो. तुडील, बिरवाडी, पोलादपूर इकडून येणारी आमची मुले म्हणतील, यात नवे काय? आमच्या शिमग्यात हेच चालते. आक्षेप रास्त आहे. होळीपुढची बोंब, सोंगे, भल्याभल्यांच्या नावाने दिलेल्या शिव्या, हा गोंधळ कोकणाला परका नाही. पण शिमग्याला तिथी असते. त्या दिवशी खोताच्याही नावाने बोंब मारता येते, ती गावाच्या संमतीने. धुळवड सरली की जो तो आपल्या पायरीवर. लघुअनियतकालिकांनी नेमकी ही तिथीच नाकारली. ‘अनियत’ हा शब्द आपण वर्गात केवळ छपाईच्या वेळापत्रकापुरता समजावतो, हे आम्हांला अपुरे वाटते.

पंकला त्याची तिथी बाजाराने नेमून दिली: ईएमआयने ऑक्टोबर १९७६ मध्ये पिस्टल्सशी करार केला आणि जानेवारी १९७७ मध्ये मोडला. आपल्याकडे तो हिशेब न्यायालयात झाला. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता प्रथम पोस्टररूपात आली. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या पत्रिकेत ती पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घालताना कसोटी अधिक कडक लागेल. म्हणजे तिथीवाचून बोंब मारणाऱ्याने नावे तरी जपून घ्यावीत! आधीच माफी मागितलेल्या संपादकाची सुटका झाली. कवीचा निवाडा मात्र खटल्यावर सोपवण्यात आला.