रेड वाइन घातलेला पास्ता: शिजवल्यावर अल्कोहोल उरते का?

डिसेंबर आला की अंधेरीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. नाताळच्या जेवणाला मुलांनी बीफ आणि रेड वाइनच्या सॉसमधला पास्ता करायचे ठरवलेले असते. घरात मात्र कोणाला यकृताचा आजार असतो, तर कोणाची दारू सोडण्याची गोळी चालू असते. "डॉक्टर, शिजवल्यावर वाइन उडूनच जाते ना?" याचे थोडक्यात उत्तर असे: सगळी उडून जात नाही.

किती उरते?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, पदार्थात मिसळून मंद आचेवर शिजवल्यास मूळ अल्कोहोलपैकी साधारण इतके शिल्लक राहते:

• १५ मिनिटांनी ४० टक्के
• ३० मिनिटांनी ३५ टक्के
• एका तासाने २५ टक्के
• दोन तासांनी १० टक्के

चौघांच्या पास्त्यात १५० मिली वाइन घातली, तर त्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. अर्धा तास शिजवल्यास माणशी सव्वा ग्रॅमच्या आसपास पोटात जाते, दोन तास शिजवल्यास अर्ध्या ग्रॅमहून कमी. निरोगी प्रौढ माणसाला याने काही होत नाही. घरी केलेल्या वाइनची तीव्रता मात्र बाटलीवर लिहिलेली नसते, त्यामुळे तिचा असा हिशेब करता येत नाही.

कुकर लावताना

महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही २०१५ पासून बंदी आहे. म्हणून मुंबईत बीफ म्हणून मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस. ते चिवट असते आणि आपण कुकर लावतो. पण बंद कुकरमध्ये वाफ कोंडते आणि अल्कोहोलला बाहेर पडायला वाव कमी मिळतो. म्हणून मांस आधी पाण्यात कुकरला शिजवून घ्या. वाइन नंतर पसरट, उघड्या भांड्यातल्या सॉसमध्ये घाला आणि जितका वेळ उकळता येईल तितका उकळा. आटले तर गरम पाणी घाला.

कोणी अजिबात खाऊ नये?

• डायसल्फिराम ही दारू सोडवण्याची गोळी घेणारे. थोड्या अल्कोहोलनेही चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे असे त्रास होतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो.
• मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल घेणारे. गोळ्या संपल्यावर आणखी तीन दिवस पथ्य पाळा.
• लिव्हर सिरॉसिसचे रुग्ण.
• गर्भवती. गरोदरपणात अल्कोहोलचे सुरक्षित प्रमाण माहीत नाही.
• दारू सोडलेली व्यक्ती. नुसत्या वासाने आणि चवीनेही पुन्हा ओढ लागू शकते.

लहान मुलांनाही बिनवाइनचाच सॉस द्या.

मग त्यांनी काय खायचे?

कुकरमधले मांस आणि टोमॅटोचा सॉस दोन भांड्यांत विभागा. वाइन एकाच भांड्यात घाला आणि डाव वेगळा ठेवा. दुसऱ्यात मांस शिजवलेले पाणी, परतलेला कांदा-लसूण, मिरपूड आणि आंबटपणासाठी लिंबू किंवा चिंचेचा कोळ घाला. डायसल्फिराम घेणाऱ्यांसाठी व्हिनेगर वापरू नका. घरात दारू सोडलेले कोणी असेल, तर त्या दिवशी सगळ्यांनीच बिनवाइनचा पास्ता खावा, असे मी सांगतो. पानावर कोणी वेगळे पडत नाही.

प्रमाणही सांभाळा

लाल मांस आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा. युरिक अॅसिड वाढलेले असेल तर त्याहून कमी. मधुमेह असल्यास माणशी ६० ग्रॅम कोरडा पास्ता पुरे, सोबत भरपूर कोशिंबीर घ्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वरीलपैकी गोळी चालू असताना असा पास्ता खाल्ला गेला आणि धडधड, सततच्या उलट्या, छातीत दुखणे किंवा चक्कर सुरू झाली, तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्या.