क्षिप्राकाठचे आकाशपाळणे

देवास गेटला उतरून क्षिप्राकाठच्या कार्तिक मेळ्यास जाणाऱ्या आम्हा माळव्यातील मराठी घरांत आकाशपाळण्यावरून मतभेद ठरलेले: वडीलधाऱ्यांना हाताने फिरणारा लाकडी पाळणा प्रिय, मुलांना विजेचा. आमचे मत मोडून पुन्हा जोडल्या जाणाऱ्या पाळण्याकडे झुकते. १८९३ साली फेरिसने शिकागोत उभारलेले २६४ फुटी चक्रही दोनदा हलले आणि १९०६ मध्ये सेंट लुईस येथे सुरुंगाने उडवले गेले. मुंबईनजीक गोराईला १९८९ साली कायमचे म्हणून रोवलेले एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडले. मेळ्यातला पाळणा मात्र दर कार्तिकात सुटा होऊन येतो. जोडताना झिजलेला खिळा, सैल बोल्ट हाती लागतो. अर्थात, तपासणारा डोळस हवा. रिकाम्या फेऱ्या झाल्यावाचून माणसे बसवू नयेत, हा वडीलधाऱ्यांचा हेका आम्हांस आजही रास्त वाटतो.