तांबूस केस आणि जुन्नरचे यवन

जुन्नर असो की आंबेगाव, तांबूस केसांचं बाळ जन्मलं की कुजबुज होते, ‘हे कुणावर गेलंय?’ आणि नजरा वळतात आईकडे. मग कुणीतरी म्हणतं, ‘अहो, जुन्नरला यवन होते ना!’

होतेच. जवळपास 2,000 वर्षांपूर्वी इथल्या लेण्यांत त्यांची नावं कोरली गेली. इरिल या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटने संघाला भोजनमंडप. शिलालेखात दान लिहिलंय, केसांचा रंग नाही.

ग्रंथांनी मात्र रंग मोजला. पतंजलीच्या महाभाष्यात कपिल केस ही ब्राह्मणाची एक खूण. मनुस्मृती सांगते, कपिल मुलीशी लग्न नको. केस तेच, पुरुषाला मान आणि मुलीला नकार!

1995 मध्ये संशोधकांनी लाल केसांचा संबंध एमसी1आर या जनुकाशी जोडला. त्याची बदललेली प्रत बहुधा आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. दोघांचे केस काळे असले तरी. मग जाब एकट्या आईलाच का?

आणि बाळाचे काळे केस नंतर तांबूस, विरळ व्हायला लागले, तर कुपोषणही असू शकतं. तेव्हा मी तर म्हणतो, ‘कुणावर गेलंय’ सोडा, ‘नीट जेवतंय ना’ विचारा.