पडद्यावरील चूक आणि थडग्यावरील नांव

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५९ सालच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' या हेरपटांत एक प्रसंग आहे. अमेरिकेंतील माउंट रशमोर येथील उपाहारगृहांत नायिका पिस्तूल काढून नायकावर झाडते. प्रेक्षक दचकतात, पडद्यावरील गर्दी सैरावैरा होते. मागच्या मेजाशीं बसलेला एक लहान मुलगा तेवढा दचकत नाहीं. कारण बार होण्यापूर्वींच त्यानें दोन्ही कानांत बोटें घालून ठेवलेलीं आहेत! तालमींत त्याला त्या आवाजाचा अनुभव येऊन गेला असला पाहिजे. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाची नजर चुकवून तो मुलगा पडद्यावर तसाच राहिला, आणि चोखंदळ प्रेक्षक आजही त्याला शोधून काढून हंसतात.

अशा चुका होण्याचें कारण साधें आहे. चित्रपट कथेच्या क्रमानें घेतला जात नाहीं. कथेंत एका मिनिटांत घडणारा प्रसंग टिपण्यास कित्येक दिवस लागतात. दाराबाहेरचें चित्रण एका गांवीं होतें, तर दाराच्या आंतलें दुसऱ्या. नटाच्या हातांतील पेला भरलेला होता कीं अर्धा, कोटाचें वरचें बटण लावलेलें होतें कीं नव्हतें, याची नोंद ठेवण्यासाठीं एक स्वतंत्र व्यक्ति नेमलेली असते. या कामाला 'कंटिन्यूइटी', म्हणजे सातत्य राखणें, असें नांव आहे. तरीही सांधे निखळतातच. १९७१ सालच्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या चित्रपटांत जेम्स बाँडची मोटार उजव्या बाजूच्या दोन चाकांवर तिरपी होऊन एका अरुंद बोळांत शिरते आणि पलीकडे बाहेर पडते ती डाव्या बाजूच्या दोन चाकांवर! हीं दोन चित्रणें निरनिराळ्या ठिकाणीं झालीं होतीं. विसंगति ध्यानांत आल्यावर मोटार बोळांतल्या बोळांत कूस पालटते असें दाखविणारा एक तुकडा मागाहून घालावा लागला. परंतु त्यानें चूक झांकण्याऐवजीं अधिकच उठून दिसली.

ही झाली सांध्याची चूक. ती डोळ्यांनीं सांपडते. दुसरी चूक तथ्याची. ती पकडावयास पडद्याबाहेरचें ज्ञान लागतें. पहिल्या प्रकारची चूक सांपडली म्हणजे प्रेक्षकाला आनंद होतो आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु हेरगिरीचा मूळ धंदाच असा कीं, एक खोटी गोष्ट रचावयाची आणि ती शत्रूला खरी वाटेल अशी मांडावयाची. तेथें सांधा निखळला तर कोणी हंसत नाहीं, माणसें मरतात. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं असेंच एक सोंग रचलें आणि पुढें त्या सोंगावर चित्रपटही निघाले. खरें सोंग आणि त्यावरचे चित्रपट शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे यांतील कोणती चूक क्षुल्लक आणि कोणती गंभीर, हें कळून येतें.

१९४३ च्या वसंत ऋतूंत दोस्त राष्ट्रांचें पुढचें पाऊल आफ्रिकेंतून सिसिली बेटावर पडणार, हें नकाशा पाहणाऱ्या कोणालाही उमगण्यासारखें होतें. जर्मनांना मात्र तें ग्रीस आणि सार्डिनिया येथें पडणार असें भासवावयाचें होतें. त्यासाठीं गुप्त पत्रें जवळ असलेलें एका अधिकाऱ्याचें प्रेत स्पेनच्या किनाऱ्याला लागावें, अशी युक्ति निघाली. तिचें बीज १९३९ सालीं नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांच्या नांवानें निघालेल्या एका टिपणांत होतें. तें टिपण त्यांचे साहाय्यक इयन फ्लेमिंग, म्हणजेच पुढें जेम्स बाँड निर्माण करणारे लेखक, यांनीं लिहिलें असें मानलें जातें. आणि ही विशिष्ट कल्पना तर बेझिल थॉमसन यांच्या एका कादंबरीवरून उचललेली होती. ती प्रत्यक्षांत आणली वायुदलांतील चार्ल्स चमली आणि व्यवसायानें बॅरिस्टर असलेले नौदलाचे ईवन मॉन्टेग्यू यांनीं. योजनेचें सांकेतिक नांव होतें 'ऑपरेशन मिन्समीट'.

लंडनमध्यें २८ जानेवारी १९४३ रोजीं उंदराचें विष पोटांत जाऊन मेलेल्या एका निराधार माणसाचें प्रेत त्यांनीं मिळविलें, सुमारें तीन महिने तें थंड जागीं ठेवलें, आणि त्याला रॉयल मरीन्समधील मेजर विल्यम मार्टिन हें नांव दिलें. नुसतें नांव पुरेसें नव्हतें. मेजरला संसार हवा होता. तेव्हां पॅम नांवाची वाग्दत्त वधू आली. तिचा फोटो गुप्तचर खात्यांतील जीन लेस्ली या तरुण कारकुनाचा होता. खिशांत दोन प्रेमपत्रें, ५३ पौंड १० शिलिंग ६ पेन्स किंमतीच्या आंगठीचें बिल, आणि खात्यांत ७९ पौंड १९ शिलिंग २ पेन्स कमी पडत असल्याबद्दल बँकेच्या व्यवस्थापकाची तंबी. प्रेताचा फोटो जिवंत माणसासारखा येईना, म्हणून ओळखपत्रावर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एका अधिकाऱ्याचा फोटो लावला. ओळखपत्र नवें कोरें कां, असा प्रश्न शत्रूला पडेल म्हणून मूळ पत्र हरवल्यामुळें दुसरें दिलें अशी नोंद त्यावरच केली. गणवेश वापरलेला दिसावा म्हणून चमली कांहीं दिवस तो स्वत: घालून हिंडत. युद्धकाळांत कपडे कूपनांवर मिळत. तेव्हां आंतले कपडे एच. ए. एल. फिशर या दिवंगत इतिहासकाराचे आणले. समुद्राच्या पाण्यांत कोणती शाई टिकते, याचीही परीक्षा घेतली.

सर्वांत अवघड सांधा तारखांचा होता. 'सेराफ' ही पाणबुडी १९ एप्रिलला स्कॉटलंडहून निघाली. परंतु मेजरचें विमान २४ एप्रिलच्या सुमारास समुद्रांत कोसळलें, असें भासवावयाचें होतें. म्हणून पाणबुडींत बंद झालेल्या या माणसाच्या खिशांत २२ एप्रिलच्या खेळाच्या तिकिटांचे फाटके तुकडे आणि २४ एप्रिलपर्यंतच्या मुक्कामाची क्लबची पावती होती. ज्या संध्याकाळी अजून उजाडल्याच नव्हत्या, त्या मेलेल्या माणसानें लंडनमध्यें मजेंत घालविल्या होत्या! साखळीनें बांधलेल्या पेटींत जनरल नाय यांचें मुख्य पत्र होतें. शिवाय पुढें १९४७ सालीं हिंदुस्थानचे शेवटचे व्हॉइसरॉय झालेले माउंटबॅटन यांचेंही एक पत्र होतें. त्यांत सार्डिन माशांवर एक विनोद होता; सार्डिनियाचा वास शत्रूला यावा, एवढ्यासाठींच तो केला होता.

३० एप्रिलच्या पहांटे उएल्वा या स्पॅनिश गांवाजवळ प्रेत पाण्यांत सोडलें, आणि एका कोळ्याला तें सांपडलें. पत्रें मे महिन्यांत सभ्यपणें परत आलीं; पाकिटांच्या मोहरा शाबूत होत्या. परंतु इंग्रजांनीं पत्राच्या घडींत पापणीचा एक केस ठेवला होता. तो नाहींसा झाला होता. कागदाचे तंतू दुसऱ्यांदां घडी घातल्यानें दुखावले होते. शेवटीं ओला कागद वाळूं लागला तेव्हां तो आपोआप गुंडाळला गेला. कारण पाकीट न फोडतां बारीक सळईभोंवतीं गुंडाळून तो बाहेर ओढलेला होता. सातत्याची चूक झाली होती, पण ती पत्र चोरणारांची.

सोंग रचणारे तरीही थांबले नाहींत. मेजर मार्टिनचें नांव ४ जूनच्या 'टाइम्स'मध्यें मृतांच्या यादींत छापून आलें. जर्मनांनीं फ्रान्समधील एक रणगाडा डिव्हिजन ग्रीसकडे हलविली. १० जुलैला दोस्त सैन्य सिसिलीवर उतरलें आणि १७ ऑगस्टला बेट हातीं आलें. या यशांत इतर फसव्या योजनांचाही वांटा होता. परंतु किनाऱ्यावर उतरलेल्या हजारों शिपायांच्या प्राणांपैकीं कांहीं त्या फाटक्या तिकिटांवर अवलंबून होते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मॉन्टेग्यू यांनीं १९५३ सालीं 'द मॅन हू नेव्हर वॉज' या पुस्तकांत ही हकीगत सांगितली, आणि १९५६ सालीं रोनाल्ड नीम यांनीं त्याच नांवाचा चित्रपट काढला. मॉन्टेग्यूंची भूमिका क्लिफ्टन वेब यांनीं केली. स्वत: मॉन्टेग्यू वायुदलाच्या एका अधिकाऱ्याच्या छोट्या भूमिकेंत आपल्याच योजनेवर शंका काढतांना दिसतात. चित्रपटाच्या उत्तरार्धांत एक आयरिश हेर जर्मनांच्या वतीनें लंडनला येऊन मार्टिनची चौकशी करतो. शेवटीं तो आपला पत्ता मुद्दाम सांगतो, आणि तासाभरांत आपला संदेश आला नाहीं तर आपण पकडले गेलों असें समजावें, असें जर्मनांना कळवितो. मॉन्टेग्यूंना तो डाव ऐन वेळीं उमगतो आणि त्याची अटक टळते. चित्रपटांतील हा सर्वांत रंगलेला भाग, आणि तो संपूर्ण काल्पनिक आहे. असा हेर कधीं आलाच नव्हता. ब्रिटनमधील जर्मन हेर एक तर तुरुंगांत होते, नाहीं तर इंग्रजांच्या सांगण्यावरून खोटे संदेश पाठवीत होते. परंतु ही गोष्ट १९७२ सालीं मास्टरमन यांच्या पुस्तकानें उघड झाली. आणि जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडून योजनेचें यश इंग्रजांनीं कसें ताडलें, हें कळण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. म्हणजे १९५६ सालच्या प्रेक्षकानें डोळ्यांत तेल घालून पाहिलें असतें, तरी ही चूक त्याला सांपडली नसती. सरकारी कपाटाची किल्ली तिच्यावर पहारा करीत होती.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. चित्रपटांत मेलेल्या तरुणाचा वृद्ध बाप दाखविला आहे. मुलाचें प्रेत देशकार्यासाठीं हवें आहें एवढेंच ऐकून तो संमति देतो. प्रसंग हृदय हेलावणारा आहे. मॉन्टेग्यूंच्या पुस्तकांतही नातेवाइकांनीं अनुमति दिल्याचें लिहिलें आहे. वस्तुत: त्या मनुष्याचे आईबाप आधींच वारले होते आणि अनुमति कोणीं दिलीच नव्हती. २०२१ सालीं निघालेल्या 'ऑपरेशन मिन्समीट' या चित्रपटांत चमली आणि मॉन्टेग्यू हे जीन लेस्लीच्या प्रेमांत परस्परांचे प्रतिस्पर्धी बनविले आहेत. ती कथेची हौस म्हणून सोडून देतां येते. बापाची संमति मात्र तशी सोडून देतां येत नाहीं, कारण ती एका निराधाराच्या प्रेताविषयींचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वींच मिटवून टाकते.

त्या मनुष्याचें नांव ग्लिंडूर मायकेल. वेल्समध्यें १९०९ सालीं जन्मलेला हा गरीब माणूस जिवंतपणीं कोणाच्या खिजगणतींत नव्हता. त्याचें नांव सरकारी कागदपत्रांतून १९९६ सालीं एका हौशी संशोधकानें शोधून काढलें. उएल्वाच्या दफनभूमींतील शिलेवर तोंपर्यंत मेजर मार्टिनचेंच नांव होतें. त्यावर जन्मतारीख खोटी, २४ एप्रिल ही मृत्यूची तारीख खोटी, आईबाप खोटे. परंतु त्या खोट्या बापाचें नांव कोरलें होतें जॉन ग्लिंडूर मार्टिन. सर्व सांधे इतक्या काळजीनें जुळविणारांनीं खऱ्या नांवाचा एवढा एक धागा तेथें राहूं दिला होता. पन्नास वर्षें लोक ती शिला वाचून पुढें जात होते. १९९८ सालीं तिच्या तळाशीं आणखी एक ओळ कोरण्यांत आली: मेजर मार्टिन म्हणून ज्यानें सेवा बजावली, तो ग्लिंडूर मायकेल होता.