शिक्षांमधून आलेले इंग्रजी वाक्प्रचार

विध्वंस आणि कठोर टीका यांसाठी इंग्रजीत रूढ असलेले काही शब्दप्रयोग मुळात खऱ्या शिक्षांशी जोडलेले होते. शिक्षा गेल्या, पण त्यांची धार भाषेत राहिली.

'डेसिमेट' हे क्रियापद रोमन सैन्यातले. रणातून पळालेल्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून दहातला एक निवडत. उरलेल्या नऊ जणांना आपल्याच सोबत्याला दांडक्यांनी ठार मारावे लागे. गुलामांचा नेता स्पार्टाकस याच्या बंडाच्या वेळी रोमन सेनापती क्रॅससने ही मागे पडलेली शिक्षा पुन्हा अमलात आणली. आज दहाचा हिशोब पुसला गेला असून 'डेसिमेट' म्हणजे पार धूळधाण उडवणे.

'रन द गॉन्टलेट' मागे सैनिकांच्या दोन रांगा आहेत. गुन्हेगाराला त्यांच्यामधून जावे लागे आणि दोन्ही बाजूंनी फटके बसत. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ 'गल्लीतली धाव'. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि हातमोजा या अर्थाच्या 'गॉन्टलेट'शी त्याची गल्लत झाली. चहूबाजूंच्या टीकेला तोंड देणे, हा त्याचा आजचा अर्थ.

'पिलरी' म्हणजे भर चौकात खांबावर बसवलेल्या फळ्या. त्यांच्या भोकांत मान आणि दोन्ही मनगटे अडकवत. समोरची गर्दी चिखल, सडकी अंडी, प्रसंगी दगड मारी. हात अडकलेल्या माणसाला तोंडही पुसता येत नसे. 1703 मध्ये एका उपरोधिक पत्रकाबद्दल लेखक डॅनियल डीफो याला लंडनमध्ये तीन दिवस असे उभे केले होते. ब्रिटनमध्ये ही शिक्षा 1837 मध्ये रद्द झाली. आता वर्तमानपत्रे एखाद्याला 'पिलरी' करतात, तेव्हा ती त्याची जाहीर धिंडच काढतात.

'रीड द रायट ॲक्ट' याचा उगम 1715 मध्ये ब्रिटनमध्ये लागू झालेल्या कायद्यात आहे. बारा किंवा अधिक लोक दंगलीसाठी जमले, की दंडाधिकारी ठरावीक घोषणा मोठ्याने वाचे. त्यानंतर तासाभरात न पांगणाऱ्यांना देहदंड होऊ शके. घोषणा शब्दशः वाचणे बंधनकारक होते; शेवटचे 'गॉड सेव्ह द किंग' गाळले, तर खटला टिकत नसे. आज या प्रयोगाचा अर्थ सज्जड दम देणे असा आहे.

म्हणूनच हे प्रयोग एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'पिलरी'ला जमाव लागतो, 'गॉन्टलेट'ला दोन्हीकडून मारा लागतो आणि 'रायट ॲक्ट' अधिकार असलेल्यानेच वाचायचा असतो.