तुकोबांच्या पुलावरून गेलेला कीर्तनकार



सज्जनहो, आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, नेवाशाला शके १२१२ मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ प्राकृतात सांगितला. पुढे सहाशे वर्षांनी याच जिल्ह्यात बायबलचा अर्थ कीर्तनातून सांगितला जाऊ लागला. ही हकिगत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. पाद्रीबाबांचे प्रवचन लोकांच्या मनात उतरेना. मग इथल्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी हरिदासी कीर्तनाची रीत घेतली आणि आख्यान ख्रिस्ताचे लावले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती वाट रुंद केली. जन्माने ते कोकणातले ब्राह्मण. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगर ही कर्मभूमी केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. त्यांची ‘अभंगांजली’ अभंगात आहे आणि ‘ख्रिस्तायन’ ओवीत. ते अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

टिळकांच्या सांगण्यात जातिभेदावर घाव असे. लक्ष्मीबाई तर कडक सोवळ्यातल्या. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. माणसाने केल्या असे पटताच त्यांनी सोवळे सोडले आणि सर्वांच्या हातचे खाणेपिणे सुरू केले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर झाला. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही तिथे जागा होती.

आपल्यातले काही जण म्हणतात, त्यांनी आमचे कीर्तन पळवले. मला तसे वाटत नाही. तुकोबा कुणाच्या पेटीत कुलूपबंद नाहीत. धर्म बदलण्याची त्यांची वाट आपली नव्हे. जात तिकडेही पुरती सुटली नाही, हेही खरे. तरी संतांचा शब्द त्यांनी रोजच्या ताटापर्यंत नेला, तो आपण कुठवर नेला?

चोखोबांची समाधी महाद्वाराशी, मंदिराबाहेर आहे. शतकानुशतके आपण तिथे माथा टेकून आत गेलो आणि त्यांच्या जातभाईंना बाहेर ठेवले. पंढरीचे दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या काळातही वाळवंटात समतेची कीर्तने होतच होती.

दार उघडले, पण अजून गावोगावच्या सप्ताहात पाहावे: स्वयंपाक कुणाच्या हातचा, पंगतीला वाढतो कोण, विणा कुणाच्या गळ्यात येतो? यंदाच्या सप्ताहाची बैठक भरेल, तेव्हा हे तीन प्रश्न आधी घ्यावेत आणि कीर्तनकार नंतर ठरवावा, एवढीच या म्हाताऱ्या टाळकऱ्याची विनंती.